छत्रीचं माप

ते पत्र आलं त्याला अकरा वर्षं होऊन गेली होती आणि धन्यकुमार उपाध्यांनी त्याचं उत्तर अजून दिलं नव्हतं.

निळं आंतर्देशीय पत्र. पाठीवर कोयनानगरचा शिक्का, आत मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरांत अकरा-बारा ओळी. धन्यकुमारांनी ते फाडलं नाही की कपाटात टाकलं नाही. जे पुस्तक वाचायला घेतलेलं असेल त्यात ते खुणेला असायचं, आणि पुस्तक संपलं की दुसऱ्यात जायचं. एकदा वाचनालयाचं पुस्तक परत करताना ते आतच राहिलं. अर्ध्या रस्त्यातून धापा टाकत माघारी गेले, तर टेबलावरच्या बाईंनी ते हसून पुढं केलं. "उपाध्ये सर, काहीतरी महत्त्वाचं राहिलं होतं तुमचं."

"छे, महत्त्वाचं कसलं," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पत्र तोंडपाठ होतं.

'उपाध्ये सायबांना नाथाजी शेलारचा रामराम. मी खुशाल आहे. तुमच्यावर राग नाही. नोकरी गेली ती गेली. पण गावात बातमी आली की नाथाजीचा हात भीतीनं कापला म्हणून बंदूक मुकी राहिली. आमच्या जत्रेत पालखी उठताना ठासणीच्या बंदुकीचा मानाचा बार काढतात. बापाच्या माघारी तो मान माझ्याकडे होता. यंदा पंच म्हणतात, दुसऱ्याला देऊ. तुम्ही फक्त एका कागदावर लिहून द्या की माप बंदुकीनं घेतलं नव्हतं. दुसरं काही नको. चैताच्या आत पाठवा. वहिनीसाहेबांना नमस्कार.'

तो चैत्र गेला. पुढचे अकराही गेले.

*

नाथाजी शेलार हा बँकेचा पहारेकरी. हळदीच्या पेठेजवळच्या शाखेत धन्यकुमार उपव्यवस्थापक होते आणि नाथाजी दारात. फौजेतून निवृत्त झालेला, कोयनेकडचा गडी. अंगानं सडसडीत, मिशी बेताची. फौजेत असताना गाडी उलटून डावं कोपर मोडलं होतं. ते जुळलं, पण हात पुरता सरळ होईना. पुढं केला की थोडा वाकलेलाच राहायचा, कुणाला काही घ्या म्हणावं तसा. जुनी एकनळी बंदूक होती तोवर त्याचं काही अडलं नाही. नऊ वर्षं त्यानं दार राखलं, वर्षाकाठच्या चाचणीत गोळीबार करून दरवेळी शाबासकी घेऊन आला.

मग मुख्य कचेरीनं सगळ्या शाखांना नव्या बंदुका धाडल्या. पंपाच्या. नळीखाली एक सरकती मूठ असते. बार काढला की डाव्या हातानं ती मूठ मागं ओढायची, रिकामं काडतूस उडून पडतं, आणि पुढं ढकलली की नवं आत बसतं. मूठ पुढं अगदी टोकाला टेकली पाहिजे. बोटभर जरी कमी राहिली तरी बंदूक कुलूपबंद होत नाही, आणि मग चाप कितीही दाबा, ती बोलत नाही.

हे सगळं धन्यकुमारांना पुढं कळलं. तेव्हा त्यांना एवढंच माहीत होतं की नाथाजीनं एक अर्ज दिला आहे. बंदुकीचा मागचा लाकडी दस्ता हाताला लांब पडतो, दीड इंच कापून मिळावा, म्हणजे पुढची मूठ आवाक्यात येईल. आणि कचेरीचं उत्तर आलं होतं, की शाखेतल्या अधिकाऱ्यानं पहारेकऱ्याची पोहोच प्रत्यक्ष मापून आठ दिवसांत अहवाल पाठवावा. व्यवस्थापक रजेवर. अधिकारी म्हणजे धन्यकुमार.

नेमका भाद्रपद होता. जैनांचं दशलक्षण पर्व सुरू झालं होतं. त्या दहा दिवसांत धन्यकुमार एकभुक्त राहायचे, आणि त्या वर्षी त्यांनी मंदिरात मुनिमहाराजांसमोर आणखी एक नियम घेतला होता. शस्त्राला हात लावायचा नाही, दुसऱ्याला उचलायला सांगायचं नाही, आणि उचललेलं पाहून बरं म्हणायचं नाही. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्ही सारखंच बांधतं, असं शास्त्र सांगतं. बँकेच्या दारातच बंदूक उभी असायची म्हणून तर त्यांनी हा नियम घेतला. सोपा नियम घेण्यात काय अर्थ, असं त्यांना वाटलं होतं.

मुख्य रोखपाल भाऊसो पाटलांना ही गोष्ट कशी कळली कोण जाणे. "काय उपाध्ये, आज दारातनं डोळं झाकून आला का पाठमोरं?" ते सगळ्यांसमोर विचारायचे. धन्यकुमारांचे कान लाल व्हायचे. माझ्याऐवजी तुम्ही माप घ्याल का, हे एक वाक्य त्यांना भाऊसोंना विचारता आलं नाही. चार दिवस ते वाक्य त्यांनी मनात घोळवलं, आणि पाचव्या दिवशी त्यांना एक युक्ती सुचली.

बंदुकीबरोबर एक छापील पुस्तिका आली होती. तिच्यात चित्र होतं आणि मापं होती. दस्त्याच्या टोकापासून चाप किती, मूठ किती. धन्यकुमारांनी आपली लांब दांड्याची काळी छत्री घेतली, बायकोच्या, चंदनबालाबाईंच्या, शिवणाच्या डब्यातली फीत घेतली, आणि पुस्तिकेबरहुकूम छत्रीवर दोन ठिकाणी दोरा बांधला. एक चापाच्या जागी, एक मुठीच्या. दुपारी गिऱ्हाईक पांगल्यावर नाथाजीला मागच्या खोलीत बोलावलं.

"नाथाजी, ही खांद्याला लावा."

नाथाजीनं छत्रीकडं बघितलं, मग साहेबांकडं. "सायेब, पाऊस तर उघाडलाय."

"तसं नव्हे. माप घ्यायचंय. बंदुकीऐवजी."

"बंदूक दारातच हाय की. आत्ता आनतो."

"नको, नको." धन्यकुमारांनी दोन्ही हात वर केले. मग खाली बघत, अडखळत त्याला नियमाचं सांगितलं. नाथाजीनं सगळं ऐकून घेतलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं पुढं धन्यकुमारांना कितीदा वाटलं.

"बरं तर," तो म्हणाला. "व्रत मोडाय नगं."

त्यानं छत्री खांद्याला लावली. कवायतीतल्यासारखा पाय टाकला, मान झुकवली, गाल दांड्याला टेकवला. उजवं बोट पहिल्या दोऱ्यावर आलं, डावा हात दुसऱ्यावर, कोपरात छान वाकलेला, सैल. कुठं ताण नाही.

"बसतंय की व्यवस्थित!" धन्यकुमार म्हणाले.

"बसतंय सायेब, पर मूठ हितं नसती. ही मागं वडल्यावरची जागा झाली. फुडं ढकलली की ती हितवर जाती." त्यानं हात दोऱ्याच्या पुढं चार बोटं नेऊन दाखवला. हात थरथरत ताणला गेला आणि छत्रीचा मागचा भाग खांद्यावरनं दंडावर घसरला. "हे बगा. हितं माजा हात संपतो."

धन्यकुमारांनी पुस्तिका उघडली. चित्र बघितलं, आकडा बघितला, पुन्हा चित्र बघितलं. बंदुकीची मूठ पुढं-मागं होताना त्यांनी जन्मात बघितली नव्हती. चित्रात मूठ होती तिथं होती.

"पुस्तकात तर असंच दिलंय, नाथाजी."

नाथाजी थोडा वेळ त्या उघड्या पानाकडं बघत राहिला. त्यातलं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. फौजेत त्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती, की साहेबाच्या हातात कागद असला की आपण गप्प बसायचं.

"मग आसंल," तो म्हणाला, आणि छत्री नीट गुंडाळून, बंद लावून त्यानं साहेबांच्या हातात दिली.

त्याच संध्याकाळी अहवाल गेला. 'पोहोच प्रत्यक्ष मापली. समाधानकारक. दस्ता कापण्याची आवश्यकता नाही.' खाली सही. सही करताना धन्यकुमारांचा हात क्षणभर थांबला होता. त्या चार बोटांचं काय, असा प्रश्न मनात येऊन गेला होता. पण पर्वात मन शांत ठेवायचं असतं, आणि पुस्तक खोटं कशाला सांगेल?

*

चाचणी दिवाळीनंतर झाली. धन्यकुमार तिथं नव्हते; पण तिथं काय घडलं हे त्यांनी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की आता ते डोळ्यांनी बघितल्यासारखं आठवायचं. पहिला बार ठीक झाला. मग बंदूक खांद्यालाच ठेवून नाथाजीनं मूठ ओढली, पुढं ढकलली, हात जाईल तिथवर ढकलली आणि चाप दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. शेजारच्या फळीवर दणादण बार चाललेले, आणि हा मुकी बंदूक धरून उभा. शेवटी ती खांद्यावरनं खाली घेऊन, पोटाशी धरून त्यानं मूठ टोकाला नेली, घाईनं परत वर घेतली आणि बार काढला. हात ताणल्यामुळं दस्ता दंडावर आलेला. दणका तिथं बसला आणि छर्रे मातीत गेले. पाच बारांचा वेळ दोनातच संपला. शेरा पडला, 'गांगरला. नजर व हात स्थिर नाहीत.'

मुख्य कचेरीत विचारपूस झाली. एका लांब टेबलाच्या अलीकडं नाथाजी सावधानात उभा, आणि त्याच्या शेजारी खुर्चीच्या कडेवर धन्यकुमार. नाथाजीनं सांगितलं की बंदूक हाताला लांब पडते. टेबलामागच्या चौघांतल्या एका अधिकाऱ्यानं अहवालाचा कागद वर धरला.

"उपाध्ये, माप तुम्ही स्वतः घेतलं होतं?"

"हो."

"प्रत्यक्ष?"

निवृत्तीला आठ महिने उरले होते. छत्री हा शब्द त्यांच्या जिभेवर आला. त्या खोलीत, त्या चौघांसमोर तो शब्द उच्चारायचा म्हणजे काय होईल, हे त्यांना लखलखीत दिसलं. आधी कुणीतरी हसेल. मग भाऊसोंपर्यंत जाईल, मग सगळ्या शाखांत.

"हो," ते म्हणाले. "प्रत्यक्ष."

छत्रीचं नाव नाथाजीनंही काढलं नाही. त्यानं मान वळवूनही बघितलं नाही. समोरच्या भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडं बघत तो तसाच उभा राहिला. पुढच्या महिन्यात त्याच्या जागी दुसरा पहारेकरी आला, उंच, लांब हातांचा. आणि संक्रांतीच्या सुमारास ते निळं पत्र आलं.

उत्तर त्यांनी लिहिलं नाही असं नाही. निदान चाळीसदा लिहिलं असेल. पण प्रत्येक मसुद्यात काहीतरी खोट दिसायची. एकात आपण फारच पडखाऊ वाटतो, दुसऱ्यात स्वतःची वकिली करतो, तिसऱ्यात भाषाच पुस्तकी झालीय. या मसुद्यांमागं लपणं त्यांना जमलं, कारण आयुष्यभर कागदांमागंच लपत आले होते. आधी म्हणाले, निवृत्ती होऊ दे. निवृत्ती झाली. मग म्हणाले, आता फार उशीर झाला, आता लिहिलं तर त्याला वाटेल थट्टा करतोय. दरवर्षी पर्व संपलं की क्षमावाणीला ते सगळ्यांची क्षमा मागायचे. शेजारी, व्याही, दूधवाला, भाऊसो पाटील. 'जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा.' पूर्वी छापील कार्डं धाडायचे, आता फोनवर हात जोडल्याचं चित्र धाडतात. त्या यादीत कोयनेकडचं नाव कधी आलं नाही.

*

यंदा नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते बँकेत गेले. शाखा तीच, रंग नवा. यंत्रावर बोट उमटेना, काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आजोबा, बोट पुसून जरा बसा, अर्ध्या तासानं बघू." म्हणून ते दाराजवळच्या बाकावर बसले.

दारात पहाऱ्याला बाई होती. तिशी उलटलेली, सावळी, गणवेशात टापटीप. खांद्याला पंपाची बंदूक. धन्यकुमारांनी सवयीनं नजर वळवली. पण वळवता वळवता त्यांना काहीतरी दिसलं आणि नजर परत तिकडं गेली. बंदुकीचा दस्ता आखूड होता. कापलेला, आणि टोकाला काळं जाड रबर बसवलेलं.

त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे. बायामाणसांशी आपण होऊन बोलणं तर लांबच, त्यांना पोस्टमनशी बोलायलाही तयारी लागायची. तरी त्यांनी विचारलं, "बाई, तो... मागचा भाग कापून घेतलाय का?"

बाईनं चमकून बघितलं. मग म्हातारा निरुपद्रवी दिसला तशी हसली. "व्हय आजोबा. आमच्या मापाचा करून घेतलाय. रीतसर परवानगीनं, बंदुकीच्या कारागिराकडनं. तुमी फौजेत होता का काय?"

"छे, छे. मी इथंच होतो. बँकेत."

"मग तुमाला कसं उमगलं? हितं कुनाच्या ध्यानात येत न्हाई." ती दोन पावलं जवळ आली. नाव वैजयंता, पाटणकडची, नवरा फौजेत वारला. दुपारची वेळ होती, बँकेत गर्दी नव्हती, आणि तिला बोलायला कुणी हवंच होतं. "आवं, बंदूक म्हंजे चप्पल हाय आजोबा. दुसऱ्याच्या मापाची घातली की ठेच लागनारच. आमच्या मास्तरांचं बोल हाय ते."

"मास्तर?"

"पाटणला एक म्हातारं फौजी पहाऱ्याचं शिकिवत्यात. बाया बी असत्यात आमी सात-आठ. लाकडाच्या तीन बंदुका हायत त्यांच्याकडं, आखूड, मध्यम, लांब. स्वता तासल्यात. पैल्या दिवशी बाराचं नाव न्हाई. नुसतं खांद्याला लावा, उतरवा. लावा, उतरवा. डोळं मिटून लावायची आन् मग उघडायचं. मान ताणली का? नाक आन् अंगठा यात दोन-तीन बोटं जागा हाय का? मूठ फुडं टोकाला नेल्यावर डावं कोपर वाकलेलं राहतंय का?" बोलता बोलता तिनं मोकळ्या हातांनीच ते करून दाखवलं. "थंडीचा स्वेटर घालून बी माप घ्यायला लावत्यात. म्हनत्यात, अंगावर कापड चढलं की पोच बदलती."

धन्यकुमार बाकावर पुढं सरकले. "आणि... माप कशानं घेतात?"

वैजयंता खुदकन हसली. "आता तुमी इच्यारलंच म्हून सांगते. कुनी अंदाजानं काय केलं की मास्तर वराडत्यात, 'ए, छत्रीनं माप घेतीस काय गं!' आमच्यात म्हनच पडलीया. छत्रीचं माप!"

"छत्रीचं."

"व्हय! आवं, मास्तरांचं माप म्हनं एका सायबानं छत्रीनं घेतलं हुतं. खऱ्या छत्रीनं! आमी हसून हसून लोळलो. सारिका तर म्हनली, मास्तर, सायबानं छत्री उगडून घेतलं का मिटून?"

"मग? मास्तर काय म्हणाले?"

"ते बी हसलं. पर मग म्हनलं, हसू नगा गं. लय भला मानूस हुता तो. त्याचं व्रत हुतं. देवाच्या कामात कुनाला आडवं जाऊ न्हाई." वैजयंतानं बंदुकीचा पट्टा सारखा केला. "नाव इच्यारलं आमी. सांगितलं न्हाई. म्हनलं, नाव घेन्यात काय फायदा."

आतून पोरानं हाक मारली, "उपाध्ये आजोबा, या, परत बघू." धन्यकुमार उठले नाहीत.

"जत्रेतला बार," ते म्हणाले. "त्यांच्या गावात जत्रेला बार काढतात ना? पालखीला? तो मास्तर काढतात का आता?"

वैजयंता आता त्यांच्याकडं निराळ्या नजरेनं बघू लागली. "तुमाला ते बी ठावं हाय? न्हाई. त्यांच्याकडनं मान गेला तो गेलाच. मुका बार म्हनायचं त्यांना गावात. पोरंसोरं सुदिक. जत्रेदिवशी ते गावात राहतच न्हाईत, पाटणला आमच्याकडं येऊन बसत्यात. आन् आता तर बारच न्हाई. चार वर्सं झाली, पोलिसांनी बंद केलं. फटाक्याची माळ लावत्यात आता."

"बंदच झालं."

"बंदच. आता कुनाचाच मान न्हाई." ती थांबली. "आजोबा, तुमी वळखता का मास्तरांना?"

टेबलामागच्या त्या चौघांच्या जागी आता एकटी बाई होती, आणि तिचा प्रश्नही तेवढाच सरळ होता.

"छत्री माझी होती," धन्यकुमार म्हणाले.

वैजयंता हसायला गेली आणि थांबली. मग ती हळूच म्हणाली, "आवं, मग जावा की येकदा. न्हाईतर फोन लावून देऊ का?"

"नको. फोन नको." त्यांना आपली खात्री होती. फोनवर ते खुशाली विचारतील, पावसापाण्याचं बोलतील आणि ठेवून देतील. "त्यांनी मला पत्र लिहिलं होतं. पत्ता अजून गावचाच आहे का?"

"तोच. डोंगराखालचं घर हाय त्यांचं. तिथनंच येत्यात एसटीनं."

*

घरी आल्यावर ते चपला न काढताच खुर्चीत बसले. चंदनबालाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

"दाखला झाला?"

"राहिला."

"म्हणजे सरकारदप्तरी तुम्ही अजून हयात नाही. बोट उमटलं नाही का?"

धन्यकुमारांनी टेबलावरचं पुस्तक उघडलं, निळं पत्र काढलं आणि बायकोच्या हातात दिलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोपासून काही लपवून ठेवल्याचं तेवढं एकच होतं, निदान तशी त्यांची समजूत होती. चंदनबालाबाईंनी ते उघडलंसुद्धा नाही.

"वाचलंय मी हे. आलं त्याच वर्षी. पुस्तकांवरची धूळ कोण झटकतं या घरात?"

"आणि काही बोलली नाहीस?"

"तुम्ही आज बोलाल, उद्या बोलाल म्हणून वाट बघितली. नंतर मलाही सवय झाली." त्या समोर बसल्या. "मला एवढंच कळलं नाही कधी, की बंदुकीनं नाही तर माप घेतलं कशानं?"

"छत्रीनं."

"कुठल्या?"

"काळ्या. लांब दांड्याच्या."

चंदनबालाबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्या हसल्या नाहीत. "अहो, बंदूक त्यानं उचलली असती आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करून उभे राहिला असता तरी चाललं असतं की. त्याच्याच तोंडून ऐकायचं, लांब पडते का नाही. तो सांगतच होता."

"सांगत होता," धन्यकुमार म्हणाले. "मी पुस्तक बघत होतो."

त्या उठल्या, आतून पेन आणि कोरे कागद आणले, टेबलावर ठेवले आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या.

पहिल्या कागदावर त्यांनी सवयीनं लिहिलं, 'जाणता-अजाणता माझ्याकडून.' आणि थांबले. हात दोऱ्याच्या पुढं चार बोटं गेलेला त्यांनी बघितला होता. तो थरथरताना बघितला होता. छत्री दंडावर घसरताना बघितली होती. यात न कळता घडलेलं काहीच नव्हतं. नियमातले तीन शब्दही त्यांना आठवले. करणं, करवणं, अनुमोदन. शस्त्राच्या बाबतीत ते तिन्ही त्यांनी सांभाळले होते. आणि एका माणसाची मान खाली घालायला लावली, त्यात मात्र तिन्ही त्यांचेच होते. सही त्यांची, शेरा त्यांच्या सहीमुळं, आणि त्या टेबलासमोरचं 'हो'सुद्धा त्यांचंच. त्यांनी तो कागद बाजूला सारला.

दुसऱ्या कागदावर त्यांनी असं लिहिलं.

'नाथाजी शेलार यांस, धन्यकुमार उपाध्येचा नमस्कार. तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. उत्तर मी मुद्दाम दिलं नाही. भीती वाटली.

तुम्ही मागितलं होतं ते लिहून देतो. बँकेच्या पंपाच्या बंदुकीसाठी नाथाजी शेलार यांची पोहोच मी बंदुकीनं मापली नाही. छत्रीवर दोरे बांधून मापली. मूठ खरी कुठं जाते हे त्यांनी मला त्याच वेळी हात लावून दाखवलं. हात पुरत नाही हे मला दिसलं. तरी मी पुरतो असं लिहिलं, आणि पुढं विचारलं तेव्हा प्रत्यक्ष मापली असं खोटं सांगितलं. चाचणीत बंदूक मुकी राहिली ती या कारणानं. त्यांचा हात कापला नव्हता. दोष माझा आहे.

हा कागद पंचांना दाखवा, गावात वाचून दाखवा, बँकेला पाठवा. नाव लपवू नका. बार बंद झाल्याचं मला कळलं. म्हणजे जे परत मिळायला हवं होतं ते आता कुणालाच देता येणार नाही, हे मला समजतं. मला आता कुणी काही करू शकत नाही, म्हणून हे लिहिणं मला सोपं झालंय, हेही तुम्हांला कळलेलं बरं. तुम्ही तेव्हा माझ्या व्रतासाठी गप्प राहिलात. ते व्रत मी पाळलं असं मला आता म्हणता येत नाही.

तुमच्या हाताखाली शिकलेल्या वैजयंताबाई आमच्या बँकेत आहेत. त्यांची बंदूक त्यांच्या मापाची आहे.'

वाचून बघितलं तर नेहमीप्रमाणं उणिवा दिसू लागल्या. 'यांस' शब्द जुनाट वाटला. शेवटचं वाक्य कशाला, असं वाटलं. एकेका ओळीवर पेन फिरायला लागलं तेवढ्यात चंदनबालाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोस्ट पाचला बंद होतं."

"जरा नीट करतो."

"नीट केलेली चाळीस पत्रं मी रद्दीत घातलीत. हे तसंच राहू दे."

त्यांनी घडी घातली. पाकिटावर पत्ता लिहिला. नाव, गाव, मुक्काम पोस्ट, तालुका पाटण, जिल्हा सातारा. पिन कोड निळ्या पत्रावरून उतरवून घेतला.

पोस्टात खिडकीपुढं चारच माणसं होती. पुढचा एक व्यापारी कसल्यातरी नमुन्यांच्या पिशव्या तोलून घेत होता, त्याचं आवरेना. धन्यकुमार दोनदा रांगेतून बाहेर आले आणि दोनदा परत उभे राहिले. खिडकीतल्या मुलीनं पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता यंत्रात घातला.

"आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय."

खरंच राहिलं होतं. त्यांनी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि खिडकीच्या फळीवर वाकून डाव्या कोपऱ्यात आपलं नाव पूर्ण लिहिलं, आडनाव, घरचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा. मुलीनं पाकिटावर पट्टी चिकटवली आणि ते मागच्या पिशवीत टाकलं.

"उद्या नाहीतर परवा पोचेल," ती म्हणाली, आणि पावती त्यांच्याकडं सरकवून पुढच्या माणसाकडं वळली.